बाबांची कोलोनोस्कोपी : गोळ्या, पावडर आणि कराड-पुणे प्रवास, जाणकारांनी सांगावं

कोयनाकाठ

बाबांचं वय ६४. हिमोग्लोबिन ९.२ वर आलंय आणि शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. पुण्यात गॅस्ट्रोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर बघणं) आणि कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून मोठं आतडं बघणं) एकाच बैठकीत करायचं ठरलंय. वेळ सकाळी ११ ची, आजपासून नऊ दिवस आहेत. आम्ही कराडला राहतो.

तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकलाय. अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ अशी दोन्ही मिळून एकच कॅप्सूल चालू आहे. साखरेसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. बीपीसाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड. महिन्याभरापासून लोहाची गोळी. बद्धकोष्ठता जुनीच आहे, रोज रात्री इसबगोल घेतात.

हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर एवढंच आहे : 'आदल्या दिवशी पातळ आहार, रात्री पावडर, सकाळी उपाशी यावे.' कोणती गोळी थांबवायची, पातळ आहार म्हणजे नक्की काय, आणि पहाटे निघून थेट हॉस्पिटलात पोचलो तर चालेल का?

जठराग्नी

नऊ दिवस हातात आहेत हे बरं आहे. आहाराचं आदल्या दिवशी पाहिलं तरी निभावतं, गोळ्यांचं आठवडाभर आधीच ठरवावं लागतं.

आधी ती कॅप्सूल. आत पॉलिप (आतड्याच्या भिंतीवर वाढलेला कोंब) दिसला तर तो त्याच वेळी काढतात, आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर काढलेल्या जागेतून रक्त वाहण्याचा धोका वाढतो. म्हणून ते साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. अ‍ॅस्पिरिन मात्र सहसा थांबवत नाहीत. अडचण अशी की तुमच्याकडे दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये आहेत. घरच्यांनी 'रक्त पातळ करणारी गोळी बंद' एवढंच ऐकलं की कॅप्सूल बंद होते, तिच्याबरोबर अ‍ॅस्पिरिनही जातं आणि स्टेंटला काहीच संरक्षण उरत नाही. उद्याच हृदयाच्या डॉक्टरांना गाठा आणि दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या : क्लोपिडोग्रेल कोणत्या तारखेपासून बंद, आणि तेवढे दिवस नुसती अ‍ॅस्पिरिन किती. परत कधी सुरू करायचं ते स्कोपी करणारे सांगतील, कारण किती मोठं काय काढलं यावर ते ठरतं. हृदयाच्या डॉक्टरांच्या होकाराशिवाय स्वतःहून काहीही बंद करू नका. स्टेंट टाकून वर्षही झालेलं नसतं तर कदाचित तपासणीच पुढे ढकलली असती.

डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद. ही गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते. पोटात अन्न नाही, जुलाब चालू आहेत आणि ही गोळीही चालू आहे, अशा वेळी रक्तात कीटोन साचून आम्ल वाढू शकतं. ग्लुकोमीटरवर साखर १५०-१८० च दिसते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. उलट्या आणि धाप पावडरमुळे असेल असं वाटत राहतं. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आठवण करून द्या, चिठ्ठ्यांमधून नेमकी हीच गोळी सुटते.

ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन पातळ आहाराच्या दिवशी नेहमीच्या मात्रेत घेतली तर साखर घसरते. बहुतेक डॉक्टर त्या दिवशी ती कमी करतात किंवा बंद ठेवतात, आणि तपासणीच्या सकाळी तर देतच नाहीत. त्या दिवसात दर चार-पाच तासांनी बोट टोचून साखर बघा. ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून द्या, 'उपाशी राहायचंय' म्हणून थांबू नका. बीपीच्या गोळीत पाणी बाहेर काढणारं औषधही आहे. जुलाबांच्या जोडीला ते नको म्हणून तयारीच्या दिवशी आणि सकाळी ती थांबवायची का, हेही विचारून घ्या.

लोहाची गोळी आजपासूनच बंद. लोहामुळे शौच काळं आणि डांबरासारखं चिकट होतं, ते आतड्याच्या भिंतीवरून धुतलं जात नाही. पाच ते सात दिवस तरी मध्ये जायला हवेत. इसबगोलही आठवडाभर आधी थांबवा. त्याचा चोथा फुगून कॅमेऱ्याच्या तोंडाशी अडकतो.

एंडो_सिस्टर

औषधांचं डॉक्टरांनी सांगितलं, मी तयारीचं सांगते. तपासणी फसते ती बहुतेक वेळा इथेच.

तीन दिवस आधीपासून चोथा कमी करा. बाजरी-ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, सालाची डाळ, पेरू, डाळिंब, अंजीर, बियांसकट टोमॅटो-काकडी-वांगी, तीळ, खसखस, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, सगळं बंद. कराडकडच्या जेवणात कूट नसलेली भाजी सापडणं कठीण, पण बघा. बियांचं वेगळंच दुखणं आहे : त्या आत राहिल्या आणि ओढून घेताना दुर्बिणीच्या नळीत अडकल्या की तपासणी मध्येच थांबवून नळी मोकळी करावी लागते. चालेल ते : पांढरा मऊ भात, मुगाच्या डाळीचं घोटलेलं वरण, दही, ताक, अंडं, मासा, साल काढून उकडलेला बटाटा, साधा पाव, मैद्याचं बिस्किट. एरवी आरोग्याला बरं म्हणून जे सांगतात त्याच्या बरोबर उलट, तेही फक्त तीन दिवस.

आदल्या दिवशी फक्त निवळ पातळ. ग्लासातून पलीकडची अक्षरं वाचता आली तर निवळ, नाहीतर नाही. पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं लिंबू सरबत, वरणावरचं गाळलेलं पाणी, गाळलेलं चिकन सूप. ताक आणि दूध आता बंद. कोकम सरबत, बिटाचा रस, गुलाबी-लाल सरबतं अजिबात नकोत, आत लाल दिसलं की ते रक्त की रंग हे ठरवण्यात वेळ जातो. नारळपाणी इतरांना चालतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यातलं पोटॅशियम अडचणीचं, आधी विचारा.

आता पावडर. आपल्याकडे सहसा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं पाकीट देतात, पेगलेक वगैरे. १३७ ग्रॅमचं पाकीट बरोबर २ लिटर पाण्यात. दीड लिटरमध्ये 'जरा दाट' करायचं नाही. हे द्रावण शरीरातल्या क्षारांशी जुळेल असं बनवलेलं असतं, म्हणून ते आतड्यातून तसंच वाहून जातं. दाट केलं तर ते शरीरातलं पाणी आत ओढतं. साखर, ग्लुकोज, सरबताची पावडर त्यात मिसळू नका. थंड करून स्ट्रॉने प्यायलं की चव कमी लागते, मधून लिंबाची फोड चोखली तर हरकत नाही.

दर १०-१५ मिनिटांनी २५० मिली, म्हणजे तासाभरात एक लिटर. पहिलं शौच अर्ध्या तासात होतं किंवा दोन तासही लागतात. बद्धकोष्ठतेवाल्यांचं उशिरा सुरू होतं, आणि तेवढ्यात घरचे 'पावडर लागूच पडली नाही' म्हणून घाबरतात. मळमळ झाली की २०-३० मिनिटं थांबा, फेऱ्या मारा, मग घोट लहान करून परत सुरू. प्यायलेलं सगळं उलटलं, पोट फुगून टणक झालं किंवा असह्य दुखलं तर पुढे पाजत बसू नका, हॉस्पिटलला फोन करा.

बाबांना मधुमेह आहे आणि बद्धकोष्ठताही. अशांचं आतडं आळशी असतं, एका पाकिटात बऱ्याचदा भागत नाही. हे हॉस्पिटलला फोनवर आत्ताच सांगा. दोन-तीन दिवस आधीपासून बिसाकोडिलच्या (जुलाबाच्या) गोळ्या किंवा जास्तीचं एक पाकीट देतात.

रात्रीसाठी : शौचालयापर्यंतचा दिवा चालू ठेवा, वाट मोकळी ठेवा, आतून कडी लावू नका म्हणावं. जुलाबांनी बीपी उतरून पडण्याचे प्रकार होतात. गुडघे दुखत असतील तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. सुरुवातीलाच तिथे व्हॅसलिन किंवा खोबरेल लावलं तर सोलवटत नाही.

कोयनाकाठ

दोघांचे आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.६ आहे. आणि मेडिकलवाल्याकडे पाकीट नव्हतं, त्याने ४५ मिलीच्या दोन छोट्या बाटल्या दिल्यात. 'तेच काम करतं, दोन लिटर प्यायला नको' म्हणाला. वर सोडियम फॉस्फेट लिहिलंय.

जठराग्नी

परत करा. आजच.

या बाटल्यांतून एकदम बरंच फॉस्फेट रक्तात जातं. पाणी कमी झालेल्या शरीरात ते कॅल्शियमसह मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये साचतं आणि काहींचं मूत्रपिंड कायमचं बिघडतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. धोका कुणाला जास्त? वय ५५ च्या वर, मूत्रपिंड आधीच कमजोर, टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं, पाणी काढणाऱ्या गोळ्या, अंगदुखीच्या गोळ्या. तुमच्या बाबांच्या बाबतीत शेवटचं सोडून सगळं जुळतंय. मॅग्नेशियमचं जुलाबाचं औषधही त्यांना नको. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचीच पावडर आणा आणि १.६ हा आकडा हॉस्पिटलला आधीच कळवा.

तुकतुकीत

मध्येच विचारतो. पूर्वी एरंडेल पाजून सकाळी एनिमा देत, त्यात भागायचं. आता दोन लिटर कशाला?

एंडो_सिस्टर

काका, एनिमाचं पाणी डाव्या बाजूचा शेवटचा भाग धुतं. नुसती सिग्मॉइडोस्कोपी (फक्त तेवढाच भाग बघणारी तपासणी) असेल तर तेवढं पुरतं. कोलोनोस्कोपीत दीड मीटरचं अख्खं मोठं आतडं बघायचं असतं, आणि एनिमा उजव्या टोकापर्यंत पोचत नाही. एरंडेलाने मुरडा येतो, पण भिंती स्वच्छ होत नाहीत.

मॅनिटॉल नावाचं जुलाबाचं द्रावणही पूर्वी वापरत. आतड्यातले जंतू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन तयार होतो. पॉलिप कापायला विजेची तार लावली की त्या वायूचा आत स्फोट झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. द्रावणात साखर टाकू नका म्हणतात त्यामागेही आंबण्याचंच कारण आहे.

आणि कोयनाकाठ, चिठ्ठीवर 'रात्री पावडर' एवढंच आहे ते मला खटकतं. ११ च्या वेळेला अर्धी रात्री आणि अर्धी पहाटे हवी. सगळी रात्री आठला संपवली तर सकाळपर्यंत लहान आतड्यातून पित्त मिसळलेला चिकट पातळ रस उतरून उजव्या बाजूला थर धरतो. उजवीकडचे काही पॉलिप चपटे असतात, वर शेवाळासारखा पातळ पडदा असतो, ते या थराखाली दिसतच नाहीत. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून फोन करून विचारा : 'दोन भागांत दिली तर चालेल ना?' नाही म्हणणारं सेंटर क्वचितच भेटेल.

त्यांनी हो म्हटलं तर एका पाकिटाचं वेळापत्रक असं. आदल्या संध्याकाळी ६ ते ७ पहिला लिटर, उरलेला फ्रिजमध्ये. पहाटे ५ ते ६ दुसरा. साडेसात-आठपर्यंत शौच थांबत येतं. साधं पाणी ९ पर्यंत, मग काही नाही. शेवटी लघवीसारखं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी यायला हवं. गढूळ तपकिरी असेल किंवा कण असतील तर 'जाऊन बघू' म्हणू नका. सकाळी सातलाच फोन करा, वेळ पुढे सरकवून आणखी थोडं द्रावण देता येतं.

यावरून प्रवासाचं उत्तर कळेलच. कराड ते पुणे साधारण १६० किलोमीटर. नेमक्या ५ ते ८ या वेळात माणूस गाडीत असणार, मग दुसरा लिटर रस्त्यात कुठे घेणार? लोक काय करतात, पहाटेचा भाग गाळतात. आदल्या दिवशी दुपारी पुण्यात या, हॉस्पिटलजवळ खोली घ्या, स्वतंत्र शौचालय आहे याची खात्री करून. ते जमत नसेल तर दुपारी ३ ची वेळ मागा किंवा कराड-कोल्हापूरकडेच करा, ही काही पुण्यातच होणारी तपासणी नाही.

भूलथाप

भुलेच्या बाजूचं थोडं. घन अन्नानंतर निदान सहा तास, निवळ पातळानंतर दोन तास पोट रिकामं हवं. बाबांचं घन अन्न आदल्या दिवशीच बंद आहे, त्यामुळे प्रश्न फक्त शेवटच्या घोटाचा. काही सेंटरं दोनऐवजी चार तास मागतात, त्यांचं ऐका आणि पहाटेचा डोस तेवढा लवकर घ्या. गॅस्ट्रोस्कोपीही आहे, पोटात पाणी असेल तर ते घशात येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. '१० ला अर्धा कप चहा घेतला' हे लपवू नका. चिडचिड होईल, तासभर थांबवतील, पण ते बरं. चहात दूध असेल तर जास्त थांबावं लागेल.

झोपेसाठी शिरेतून बहुधा प्रोपोफॉल देतील, काही ठिकाणी नुसतं मिडाझोलम आणि वेदनाशामक. नळी घालून पूर्ण भूल नसते ही, झोप असते. नाकाशी ऑक्सिजन, बोटाला क्लिप, दंडाला बीपीचा पट्टा. भूल देणाऱ्याला या गोष्टी न विचारता सांगा : स्टेंट कधी टाकला, शेवटचा ईसीजी आणि टूडी-इको कुठाय, जोरात घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हलणारे दात आहेत का. कवळी काढून डबीत ठेवा. छातीत पेसमेकर असलेल्यांनी वेळ ठरवतानाच सांगावं, विजेच्या तारेचा आणि त्याचा संबंध येतो. बोटांना मेंदी-नेलपेंट नको, हे बायकांसाठी.

नंतर माणूस अर्ध्या तासात नीट बोलू लागतो आणि फसगत तिथेच होते. डॉक्टर बोललेलं त्याला आठवत नाही, म्हणून ऐकायला घरचं कोणी हवं. २४ तास गाडी चालवणं नाही, सही-व्यवहार नाही. त्याच दिवशी कराडला परत जायचं असेल तर दुसऱ्याने चालवायचं. मोठा पॉलिप काढला असेल तर ती रात्र पुण्यातच काढा.

कोयनाकाठ

फोन झाला. दोन भागांत घ्यायला त्यांची हरकत नाही, जास्तीचं पाकीटही देणार आहेत, त्याची वेगळी वेळ लिहून देतील. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच पुण्यात येतोय. शेवटचा प्रश्न : आत नक्की काय करतात, नंतर कशावर लक्ष ठेवायचं, आणि रिपोर्टमध्ये काय वाचायचं?

जठराग्नी

डाव्या कुशीवर झोपवतात. करंगळीएवढ्या जाडीची, दीड मीटरच्या आसपास लांबीची लवचीक दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत नेतात. आतडं उघडावं म्हणून हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात. कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो, नंतरचं फुगलेपण कमी होतं. डावीकडच्या वळणांवर दुर्बिणीचा वेटोळा होतो तेव्हा मदतनीस पोट दाबतो. आत जाणं ही नुसती वाट. बघण्याचं खरं काम बाहेर येताना चालतं, आणि काही काढायचं नसलं तरी त्याला किमान सहा मिनिटं द्यायला हवीत. सगळं मिळून अर्धा तास धरा.

१० मिलिमीटरच्या आतले पॉलिप सहसा वीज न लावता तारेच्या फासाने कापतात. सहीच्या कागदावर पॉलिप काढण्याची संमती आहे ना ते बघा, नाहीतर त्यासाठी दुसऱ्यांदा सगळी तयारी करावी लागते.

आतड्याला छिद्र पडण्याचा धोका साध्या तपासणीत हजारी एकाहून कमी, मोठा पॉलिप काढला तर वाढतो. वायूमुळे पोट गुडगुडणं, पहिल्या शौचाला रक्ताची रेघ, दोन दिवस शौच न होणं, हे चालतं. वाढत जाणारी पोटदुखी, टणक पोट, ताप, गाठी पडणारं किंवा थांबत नसलेलं रक्त, काळं शौच, घेरी यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत. पॉलिप काढलेल्या जागेतून रक्त दोन आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतं, क्लोपिडोग्रेल पुन्हा सुरू केल्यावर तर जास्तच लक्ष ठेवा. त्या पंधरवड्यात जवळ हॉस्पिटल नाही अशा ठिकाणी लांबचा प्रवास ठरवू नका, अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

रिपोर्टमध्ये पहिलं वाक्य बघा : दुर्बीण सीकमपर्यंत पोचली का? अपेंडिक्सचं तोंड आणि लहान-मोठ्या आतड्यामधली झडप यांचे फोटो असायला हवेत. मग तयारीचे गुण. बोस्टन मोजपट्टीत उजवा, मधला, डावा अशा तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात, प्रत्येक भागाला निदान २ हवेत. एकूण ६ म्हणून खूश होऊ नका, ३-२-१ ची बेरीजही ६ च होते. १ किंवा ० असेल आणि निष्कर्षात 'नॉर्मल' लिहिलं असेल तर तपासणी पुन्हा कधी करायची ते तिथेच विचारा. सहसा वर्षाच्या आत सांगतात.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात डोकावले का, हेही वाचा. आपल्याकडे आतड्याचा क्षय बहुतेक वेळा तिथेच बसतो आणि क्रोन्सच्या (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार) व्रणांसारखा दिसतो. तिथे व्रण दिसले तर काही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये आणि काही सलाइनमध्ये पाठवतात. सगळेच फॉर्मॅलिनमध्ये गेले तर क्षयाच्या जंतूंचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) करता येत नाही, कारण ते मरून जातात. बाटल्या किती आणि कशात, हे तिथेच विचारलेलं बरं.

पॉलिप निघाला तर किती, केवढा, कुठे, आणि तुकडा हाती लागला का हे लिहिलेलं असावं. बायोप्सीचा कागद आल्याशिवाय पुढची तारीख ठरत नाही. अमेरिकेत २०२० पासून वापरात असलेल्या शिफारशींनुसार १० मिमीपेक्षा लहान एक-दोन अ‍ॅडेनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारे पॉलिप) असतील तर ७ ते १० वर्षांनी, तीन-चार असतील तर ३ ते ५ वर्षांनी, १० मिमी किंवा मोठा असेल तर ३ वर्षांनी पुन्हा बघतात. इथलेही अनेक डॉक्टर त्याच्याच आसपास सांगतात.

दोन्ही दुर्बिणी स्वच्छ निघाल्या तर 'काही नाही' म्हणून लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त लहान आतड्याच्या मधल्या भागातून जात असेल, तिथे यातली कोणतीच दुर्बीण पोचत नाही. त्यासाठी गिळायची कॅमेरा-कॅप्सूल असते. जठरानंतर येणाऱ्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून गव्हाच्या त्रासासाठी (सिलिअ‍ॅक आजार) तुकडे घेतले होते का, हेही विचारा, लोह शोषलं न जाण्याचं ते एक कारण आहे.

एंडो_सिस्टर

एक राहिलं. निघताना सोबत : जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं सांगण्यापेक्षा पट्ट्याच दाखवा), ग्लुकोमीटर, ग्लुकोज, सैल पायजमा आणि बदलायला एक, प्रौढांचे दोन डायपर. डायपरला बाबा नको म्हणतील. तरी घ्या.